‘काळजी वाटणे’ आणि ‘काळजी घेणे’ : ‘स्मृतिचित्रे’तील चिंतेचा विचार

१

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे मराठी वाङ्मयातील स्थान आता वादाचा विषय राहिलेले नाही. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाविषयी जे लिहिले गेले, त्यात तीन गुणांचा उल्लेख बहुधा येतोच : साधेपणा, प्रांजळपणा आणि विनोद. हे तिन्ही गुण ग्रंथात आहेत, यात शंका नाही. तथापि त्यांच्याच गौरवामुळे ग्रंथातील एक मोठा विषय झाकला गेला आहे. हा विषय म्हणजे चिंता. उद्या काय होईल, घरातला माणूस घरी परत येईल की नाही, आला तर कोणत्या मनःस्थितीत येईल, मूल जगेल की नाही, आपले म्हणावे असे घर उरेल की नाही, या प्रश्नांच्या सावटाखाली या स्त्रीच्या आयुष्याचा फार मोठा भाग गेला. ग्रंथ हसवतो हे खरे; पण ज्या प्रसंगांवर तो हसवतो त्यांतील पुष्कळसे प्रसंग मुळात भयाचे आहेत, ही गोष्ट वाचक हसण्याच्या ओघात विसरतो, आणि समीक्षकही विसरत आला आहे.

याचा परिणाम असा झाला की लक्ष्मीबाईंचा विनोद ही एक उपजत देणगी मानली गेली. एखाद्याचा आवाज गोड असावा तशी त्यांची वृत्ती आनंदी होती, असे म्हणून विषय संपवला गेला. हे मत त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. जे परिश्रमाने मिळवले ते जन्माने मिळाले असे म्हणणे हा गौरव नव्हे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की ‘स्मृतिचित्रे’ हा, इतर अनेक गोष्टींबरोबर, तीव्र चिंतेत रोजचा दिवस कसा पार पाडावा याचा मराठीतील एक अत्यंत तपशीलवार आलेख आहे. आणि त्याचे मर्म समजण्यासाठी मराठी भाषा चिंतेविषयी कशी बोलते, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे.

२

मराठीत या भावनेसाठी जे शब्द आहेत त्यांचे दोन गट पडतात. पहिला गट विचारवाचक शब्दांचा. ‘चिंता’ हा शब्द ‘विचार करणे’ या अर्थाच्या ‘चिन्त्’ धातूपासून आला; ‘चिंतन’ हे त्याचेच भावंड. ‘फिकीर’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारा मराठीत आला; त्याचाही मूळ अर्थ विचार असाच आहे. संस्कृत आणि अरबी या दोन असंबद्ध कुळांतील भाषांनी विचार आणि चिंता यांना एकाच शब्दात बसवावे, यात एक अनुभव साठवलेला आहे. चिंता हा थांबवता न येणारा विचार आहे. चिंतन करणारा मनुष्य विचाराला धरून असतो. चिंता करणाऱ्याला विचाराने धरलेले असते.

दुसरा गट शरीरवाचक शब्दांचा. ‘काळजी’ या शब्दाचा संबंध ‘काळीज’ या शब्दाशी जोडला जातो. आणि काळीज म्हणजे यकृत, हा अर्थ खाटकाच्या दुकानात आजही जिवंत आहे. पोटात गोळा येतो, काळजात धस्स होते, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो. आणि संकट टळले की तोच जीव भांड्यात पडतो. या वाक्प्रचारांना केवळ अलंकार समजणे चूक आहे. भयाच्या क्षणी अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, तोंड कोरडे पडते, पचनसंस्थेकडील रक्त स्नायूंकडे वळते. शरीरशास्त्राने हे सांगण्याच्या कितीतरी आधी भाषेने ते टिपून ठेवले होते.

या दोन गटांशिवाय मराठीत अभ्यस्त व अनुकरणवाचक शब्दांचे एक समृद्ध भांडार आहे : धाकधूक, हुरहूर, रुखरुख, चुटपुट, तगमग, घालमेल, धडधड. कोशांत हे शब्द पुष्कळदा एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले आढळतात. प्रयोगात मात्र ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. परीक्षेच्या निकालाआधी धाकधूक होते, रुखरुख होत नाही. एखाद्या वृद्धाला शेवटचे भेटायचे राहून गेले तर रुखरुख लागते, धाकधूक नव्हे. मुलगी सासरी निघाली की हुरहूर लागते. जावे की राहावे असे दोन्हीकडून ओढले जाताना घालमेल होते. ज्याची वाट पाहावी तो येत नाही, आणि करण्यासारखे हाती काही नसते, तेव्हा तगमग होते. म्हणजे धाकधूक भविष्याकडे पाहते, रुखरुख भूतकाळाकडे. घालमेल निर्णयाची असते आणि तगमग असहायतेची. ज्या समाजाने चिंतेचे इतके बारकावे वेगळाले करून ठेवले, त्याला या भावनेची ओळख वरवरची नव्हती, हे उघड आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट वाक्यरचनेत आहे. ‘मला काळजी वाटते’, ‘तिला काळजी लागली’ या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती प्रथमेत येत नाही, ‘ला’ प्रत्यय घेऊन येते. काळजी वाटण्याचे काम ती करत नाही. ते तिच्या बाबतीत घडते. ‘लागणे’ हे क्रियापद तर विशेष लक्षणीय आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, नजर लागते, आणि त्याच पंक्तीत काळजी लागते. मराठी व्याकरण चिंताग्रस्ताला दोष देत नाही; बाहेरून येऊन चिकटणाऱ्या वस्तूचा तो धनी झाला, एवढेच ते नोंदवते.

मात्र क्रियापद बदलले की चित्र पालटते. ‘ती काळजी करते’ या वाक्यात ती कर्ता झाली. ‘ती काळजी घेते’ या वाक्यातही ती कर्ता आहे. पण अर्थ अगदी निराळा आहे. पहिल्यात मन शिणते, दुसऱ्यात हात कामाला लागतो. या दोन प्रयोगांतील भेदाची सर्वांत चांगली खूण आज्ञार्थात सापडते. ‘काळजी करणे’ याचा आज्ञार्थ व्यवहारात जवळजवळ नेहमी नकारार्थी येतो : ‘काळजी करू नकोस’. ‘काळजी घेणे’ याचा होकारार्थी येतो : ‘काळजी घे’. निरोप घेताना मराठी माणूस ही दोन्ही वाक्ये एका दमात बोलतो आणि त्यात त्याला काही विसंगती वाटत नाही. शिवाय दोन्ही प्रयोगांत षष्ठी कायम राहते : मुलाची काळजी वाटते, मुलाची काळजी घेते. ज्याच्याविषयी भय आहे तोच सेवेचा विषय आहे. ‘चिंता’ या शब्दाला हा मार्ग मोकळा नाही. चिंता करता येते, क्वचित वाहता येते, पण काळजीसारखी घेता येत नाही.

एकाच नामाने ‘वाटणे’पासून ‘घेणे’पर्यंत केलेला हा प्रवास म्हणजे चिंतेशी सामना करण्याची मराठी भाषेतील वाट होय. ‘स्मृतिचित्रे’ हे त्या वाटेचे वर्णन आहे. परंतु ग्रंथाचा आरंभ होतो तो त्याच वाटेवरील एका भयंकर चकव्यापासून.

३

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. ग्रंथाच्या सुरुवातीसच त्यांच्या वडिलांच्या, नानांच्या, सोवळ्याची हकीकत येते. १८५७ च्या उठावात लक्ष्मीबाईंच्या आजोळच्या कर्त्या पुरुषाला फाशी झाली आणि त्या आघातापासून नानांच्या मनाने विटाळाचे भय घेतले. पुढे या भयाने सारे घर व्यापले. बाजारातून आलेले जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात यायचे नाहीत. माणसांनी धुवायचे, मुलांनी धुवायचे, आणि धुतलेल्याविषयीही शंका उरायची. मुलांच्या दिवसाला या नियमांनी आकार दिला.

या प्रकरणाचे वाचन आजवर दोन प्रकारे झाले आहे. एक, कर्मठपणाचे विडंबन म्हणून. दोन, एका विक्षिप्त माणसाचे गमतीदार चित्र म्हणून. दोन्ही वाचने अपुरी आहेत. सोवळे ही त्या समाजाची सर्वमान्य रीत होती आणि तिच्या मुळाशी जातिभेदाची क्रूर व्यवस्था होती. परंतु नानांच्या बाबतीत ती रीत एका आघाताच्या आश्रयाला गेली. सत्तेने एका दिवसात कुटुंबाचा आधार तोडला, त्यावर उपाय नव्हता. धान्यावरच्या विटाळावर मात्र पाण्याचा उपाय होता. ज्यावर उपाय नाही असे भय, ज्यावर उपाय आहे अशा भयात रूपांतरित झाले.

मराठीत अशा अवस्थेला ‘मंत्रचळ’ असा शब्द आहे. ग्रंथातील व्यक्तीचे रोगनिदान करणे हा समीक्षेचा अधिकार नव्हे. परंतु या वर्तनाची आतील रचना समजून घेण्यास आधुनिक मानसशास्त्र उपयोगी पडते. धुतल्याने भय क्षणभर ओसरते. हा क्षणिक विसावाच धुण्याची सवय दृढ करतो. आणि धुतल्यामुळेच अनर्थ टळला अशी मनाची खात्री होत असल्याने, न धुताही काही झाले नसते हे कळण्याची संधीच मिळत नाही. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी अशा रुग्णांवर जो उपचार केला त्याचे तत्त्व नेमके याच्या उलट होते : भीती वाटणाऱ्या वस्तूला सामोरे जायचे आणि त्यानंतरचा शुद्धिविधी करायचा नाही. भय चढते, काही काळ टिकते, आणि आपोआप उतरते. या तत्त्वावरील उपचारपद्धती आज सर्वत्र मान्य आहे.

वर सांगितलेल्या भाषिक भेदाच्या दृष्टीने पाहता नानांची गोष्ट बोधप्रद आहे. तेही ‘काळजी घेत’ होते. अहोरात्र घेत होते. हात सतत कामात होते. तेव्हा केवळ हाताला काम दिल्याने चिंता निवळते, हा सोपा निष्कर्ष टिकत नाही. नानांची काळजी षष्ठीतून निसटली होती. ती कोणाचीच राहिली नव्हती. मुलांच्या पोटात अन्न जावे म्हणून धान्य धुतले जात नव्हते; धान्य धुवायचे म्हणून मुलांची पोटे थांबत होती. जिथे घेतलेली काळजी माणसापर्यंत पोचत नाही आणि चिंतेकडेच परत येते, तिथे ती चिंतेचेच अन्न होते. पुढील चारशे-पाचशे पृष्ठांत लक्ष्मीबाई जे काही करतात, त्याला त्यांच्या बालपणाची ही पार्श्वभूमी आहे, हे विसरून चालणार नाही.

४

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक पुढे मराठी कवितेत मोठ्या पदाला पोचले. पण संसारी पुरुष म्हणून त्यांचा भरवसा देता येत नव्हता. ते शीघ्रकोपी होते, तितकेच शीघ्र द्रवणारे होते; एका गावी नोकरी फार दिवस टिकत नसे; न सांगता घर सोडून जाणे ही तर त्यांची रीतच होती. अशा माणसाबरोबर राहणे म्हणजे धाकधूक हीच दिवसाची स्थायी अवस्था असणे होय.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तत्कालीन ब्राह्मण समाजात या घटनेचा अर्थ पत्नीच्या दृष्टीने काय होता, हे आज समजावून सांगावे लागते. पती जिवंत होता, पण त्याच्या घरी जाणे म्हणजे जातीबाहेर जाणे; न जाणे म्हणजे सधवा असून एकटे राहणे. विधवेच्या दुःखालाही समाजाने एक जागा आणि एक विधी नेमून दिला होता. या दुःखाला तोही नव्हता. शोकाला शेवट असतो, अनिश्चिततेला नसतो. ‘घालमेल’ या शब्दाचा संपूर्ण अर्थ या चार-पाच वर्षांच्या वर्णनात सापडतो.

या काळाच्या चित्रणात समीक्षकाने ज्या गोष्टी टिपायला हव्यात त्या पुढीलप्रमाणे होत. पहिली, लक्ष्मीबाई एकट्या नव्हत्या. वडील बहीण भिकूताई आणि त्यांचे यजमान पेंडसे यांच्या घराचा आधार त्यांना होता. धीर ही गोष्ट व्यक्तीच्या आत असते असे मानण्याचा प्रघात आहे. या ग्रंथात ती बहुधा दुसऱ्याच्या ओसरीवर आढळते. दुसरी, मुलगा दत्तू जवळ होता, आणि त्याला रोज जेवू घालायचे होते. येथे काळजीची षष्ठी शाबूत आहे. काळजी वाटायची ती पतीची, घ्यायची ती मुलाची. आणि दुसरीने पहिलीला सहन करण्याजोगे रूप दिले.

तिसरी गोष्ट पत्रव्यवहाराची. पतिपत्नींमध्ये या काळात पत्रे जात-येत होती, कविताही जात-येत होत्या. जुन्या मराठी पत्राच्या मायन्यानंतर येणारे ‘इकडील सर्व कुशल, काळजी नसावी’ हे वाक्य येथे आठवते. ‘काळजी नसावी’ या विध्यर्थी रचनेत ‘तुला’ हा शब्द गाळलेला असतो आणि कर्ता तर नसतोच. ती आज्ञा नव्हे. ती एक शुभेच्छा आहे. काळजी करू नकोस असे सांगणारा उपदेश करतो. काळजी नसावी असे लिहिणारा फक्त कुशल कळवतो आणि बाकीचे त्या बातमीवर सोपवतो. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण दारात तारवाला दिसताच काळजात धस्स होणाऱ्या पिढीला ‘काळजी नसावी’ या दोन शब्दांची किंमत ठाऊक होती. बातमीचा अभाव हीच चिंतेची मोठी खाण असते.

चौथी गोष्ट लेखनाची. जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेली ही स्त्री याच विरहकाळात कविता रचू लागली. जे सांगायला माणूस नव्हते ते कागदाला सांगितले गेले. चिंतेला शब्द दिल्याने तिचा भार काहीसा हलका होतो, असे मानसशास्त्राचेही मत आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा या विषयावरील पहिला महत्त्वाचा प्रयोग १९८६ सालचा. नंतरच्या संशोधनात हा लाभ माफकच आढळला. लक्ष्मीबाईंचा अनुभवही तसाच माफक आहे. कविता लिहून दुःख सरले नाही. एक रात्र सरली, एवढे मात्र झाले.

शेवटची आणि सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे सोवळ्याचा त्याग. टिळकांकडे परतल्यावर आरंभी लक्ष्मीबाईंनी आपले आचार आणि स्वयंपाक वेगळे राखले. मग स्वतःशीच विचार करून, जातिभेद ईश्वराने केलेला नसून मनुष्याने केलेला आहे, अशा निर्णयाला त्या आल्या आणि इतरांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण हा बदल त्याच्या आधीचा आहे. धर्मांतराची पूर्वतयारी म्हणून या भागाचा उल्लेख नेहमी होतो. त्यातील दुसरा पदर मात्र दुर्लक्षित राहिला आहे : ही नानांची कन्या आहे. ज्या घरात धुतल्याखेरीज काही आत येत नसे, त्या घरात वाढलेल्या मुलीने न धुतलेला पेला ओठाला लावणे ही केवळ सामाजिक कृती नव्हती. वडिलांच्या भयाचा वारसा तिने एकेका घोटाने परत केला. मायर यांच्या प्रयोगाच्या सहासष्ट वर्षे आधी, कोणाच्याही देखरेखीशिवाय, एका स्त्रीने भयाला सामोरे जाऊन त्याचा शुद्धिविधी नाकारला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

५

पुनर्मीलनानंतर चिंता संपली असे नाही. नगर आणि राहुरी येथील संसारात पैसा हाती टिकत नव्हता, कारण टिळकांना गरजू माणूस दिसला की तो पैसा त्याचा होत असे. कोणीही केव्हाही घरी येई आणि राही. पण या भागात काळजीचे दुसरे रूप प्रबळ झालेले दिसते. परकी मुले घरची झाली. नगरच्या प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. एकेकाळी स्पर्शाच्या भयात वाढलेले हात आता संसर्गाच्या प्रत्यक्ष धोक्यात काम करत होते. विटाळ कल्पित होता, प्लेग खरा होता. आणि खऱ्या धोक्यात, करण्याजोगे काम हाती असल्याने, त्यांचे मन अधिक स्थिर राहिलेले दिसते.

आता विनोदाकडे वळता येईल. ‘स्मृतिचित्रे’त दोन लक्ष्मीबाई आहेत : जिच्यावर प्रसंग गुदरतो ती, आणि कित्येक वर्षांनी तो सांगते ती. पहिली घाबरते, रडते, रुसते, दुसरी हसते. ग्रंथातील विनोद प्रसंगात नसतो. या दोघींमधील अंतरात असतो. म्हणूनच तो कधी पहिलीची टवाळी करत नाही. भय खरे होते हे सांगणारी नाकारत नाही. ते संपले, एवढेच तिला ठाऊक असते, आणि घाबरणाऱ्या मुलीला हे ठाऊक नव्हते याची तिला माया वाटते.

हे अंतर भाषेतही दिसते. ज्या काळी स्त्रिया पतीचे नाव उखाण्याशिवाय घेत नसत, त्या काळच्या या लेखिकेने पतीचा उल्लेख ग्रंथभर ‘टिळक’ असा केला आहे. या एका शब्दाने ज्याच्याविषयी जन्मभर धाकधूक बाळगली तो पुरुष कथेतील एक पात्र झाला, आणि पात्राविषयी माणूस न भिता बोलू शकतो. वाक्ये लहान, संवाद भरपूर, भाववाचक नामे थोडी. आपल्याला किती चिंता वाटली हे सांगण्यापेक्षा आपण काय केले आणि कोण काय म्हणाले हे सांगण्याकडे या गद्याचा कल आहे. म्हणजे निवेदनाच्या पातळीवरही ‘वाटणे’चे ‘करणे’ आणि ‘घेणे’ झाले आहे.

तुलनेने हे अधिक स्पष्ट होईल. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. तेथेही घरातील ताण आहे. शिकल्याबद्दल सोसावा लागलेला वडीलधाऱ्या स्त्रियांचा राग आहे. १९०१ साली झालेल्या न्यायमूर्तींच्या मृत्यूपर्यंतचे भय आहे. परंतु रमाबाईंचा उपाय मौनाचा आणि निष्ठेचा आहे. त्यांना ज्याच्यावर विसंबावे असा स्थिर पुरुष लाभला होता. लक्ष्मीबाईंची चिंताच त्या पुरुषापासून उगम पावत होती. याहून वेगळी परंपरा रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’ची. २०५ श्लोकांच्या या रचनेत मनाला समोर बसवून उपदेश केला आहे. उपदेश करणारा आणि मन यांची फारकत हा तेथील उपाय आहे. लक्ष्मीबाईंची मनाशी अशी बैठक जमत नाही. त्या मनाला समजावत नाहीत. बहिणीशी बोलतात, मुलाला जेवू घालतात, टिळकांशी भांडतात. मराठी संस्कृतीत मनोजयाचा मार्ग पुष्कळ सांगितला गेला. मन जिंकले नसतानाही दिवस कसा काढावा, हे सांगणारे ग्रंथ थोडे आहेत.

या ग्रंथाला मर्यादा नाहीत असे नाही. कथनाचा वेग काही ठिकाणी दुःखावरून फार झपाट्याने जातो. वाचकाला थांबावेसे वाटते तेथे निवेदिका पुढच्या गमतीकडे वळलेली असते. हसू हा जसा भयापासून सुटण्याचा मार्ग आहे, तसा भय न पाहण्याचाही मार्ग होऊ शकतो. शिवाय टिळकांच्या वागण्याचा जाच कितीदा लहरीपणाच्या सौम्य नावाखाली क्षमा केला जातो. सांगणाऱ्या लक्ष्मीबाईंनी क्षमा केली, तो त्यांचा अधिकार. वाचकाने आणि समीक्षकाने तीच क्षमा न तपासता उचलावी, असे मात्र नाही. ज्या घरात माणसाच्या पावलांची चाहूल घेत बसावे लागते, त्या घरातील चिंतेवर केवळ चिंताग्रस्ताने सहनशील होणे हा पुरेसा उपाय नव्हे.

६

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी १० लाख लोक चिंताविकाराने ग्रस्त होते. विकाराच्या पातळीवर पोचलेल्या चिंतेला उपचार आहेत, औषधे आहेत, आणि ‘स्मृतिचित्रे’चे वाचन हा त्यांचा पर्याय नव्हे. नानांच्या काळी असा उपचार असता तर एका घराचे बालपण निराळे झाले असते.

परंतु उपचाराचा आरंभ बोलण्यातून होतो, आणि येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मानसशास्त्राच्या मराठी लेखनात ‘दुश्चिंता’, ‘चिंताविकृती’, ‘ताणव्यवस्थापन’, ‘समायोजन’ अशा संज्ञा रूढ झाल्या आहेत. शास्त्राला संज्ञा हव्यात, याविषयी दुमत नाही. तथापि या सर्व संज्ञा नामे आहेत. त्यांत कोणाला, कोणाची, केव्हाची, हे काहीच नाही. ‘दुश्चिंता’ या एका शब्दात धाकधूक आणि रुखरुख, घालमेल आणि तगमग सारख्याच बुडून जातात. एखादी स्त्री ‘जिवाला घोर लागलाय’ असे म्हणते तेव्हा ती अशास्त्रीय बोलत नसते; काहीतरी बाहेरून येऊन आपल्याला लागले आहे, आणि तो आपला अपराध नव्हे, हे ती व्याकरणाच्या साहाय्याने सांगत असते. तिच्या वाक्यातील क्रियापद ऐकण्याआधीच त्यावर नामाची चिठ्ठी चिकटवली, तर तिने दिलेली अर्धी माहिती हरवते. ‘समायोजन’ या शब्दाला तर आणखी एक दोष आहे : जुळवून घेण्याचा सारा भार तो चिंताग्रस्तावर टाकतो. ‘काळजी घेणे’ या प्रयोगात निदान दोन माणसे असतात.

टिळकांचे १९१९ साली निधन झाले. त्यानंतर लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले आणि आपली कथा लिहिली. ती कथा निर्भय स्त्रीची आहे असे म्हणण्याचा मोह समीक्षेने आता आवरावा. निर्भयता त्यांच्याकडे नव्हती. तिची गरजही त्यांना भासली नाही. काळजी वाटत असतानाच काळजी घेत राहणे त्यांना साधले, आणि वाटणे संपण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या साधेपणाचा गौरव करायचा तर तो या कष्टसाध्य साधेपणाचा व्हावा.